तांब्याला घाम का आला नाही?

गेल्या एप्रिलमध्ये मी एक चुकीचा अहवाल लिहिला. लिहिताना तो चुकीचा आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे आलेख होता, आलेखात हिरवी रेघ होती आणि ती रेघ चार दिवस ८८ टक्क्यांवर सरळ चालली होती. त्या रेघेच्या भरवशावर मी एका बाईंवर ठपका ठेवला.

खानदेशात केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणारी एक छोटी लॅब आहे. तिथल्या ग्रोथ चेंबरचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. ग्रोथ चेंबर म्हणजे एक बंद खोली. आत रॅक, दिवे, पंखे, पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर आणि तापमान-आर्द्रता मोजणारे सेन्सर. काचेच्या बाटलीत वाढलेलं रोप बाहेरच्या उन्हात जाण्याआधी इथे काही दिवस राहतं. बाटलीतली हवा पाण्याच्या वाफेने जवळजवळ भरलेली असते. त्या हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रं वेळेवर मिटत नाहीत. असं पान कोरड्या हवेत ठेवलं तर ते स्वतःचं पाणी राखू शकत नाही. म्हणून सुरुवातीला चेंबरची आर्द्रता ८५-९० टक्के ठेवायची आणि मग रोज थोडी थोडी उतरवायची.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या. सहाव्या दिवशी चार ट्रे फेकून द्यावे लागले. चेंबरची देखभाल करणाऱ्या ताई दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, “सर, आतली हवा कोरडी लागतेय.” मी त्यांना मोबाइलवर आलेख दाखवला. ८८ टक्के. त्या गप्प झाल्या. नंतर मालकांनी कारण विचारलं, तेव्हा मी लॉग तपासले. दाराचा सेन्सर दिवसातून बऱ्याचदा ‘उघडं’ दाखवत होता. मी अहवालात लिहिलं: वारंवार दार उघडल्यामुळे रोपांना झटका बसला असण्याची शक्यता.

दार कोण उघडत होतं, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर ताईंनी मला जे दाखवलं, ते जवळपास पावणेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका माणसाने करून पाहिलं होतं. ना त्यांना ते ठाऊक होतं, ना मला. पण ते सांगायचं तर आधी थोडं मागे जायला हवं. हवेतला ओलावा मोजायची माणसाची धडपड फार जुनी आहे, आणि माझी चूक त्या धडपडीत आधीच होऊन गेलेली आहे.

*

हवेतलं पाणी दिसत नाही, त्याला वास नाही, त्याचं वजन सहज करता येत नाही. मग ते मोजायचं कसं? पंधराव्या शतकात निकोलस ऑफ क्यूसा या जर्मन धर्मगुरूने एक युक्ती सुचवली. तराजूच्या एका पारड्यात लोकर ठेवा, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड. हवा दमट झाली की लोकर पाणी पिते आणि तिचं पारडं खाली जातं. हवा कोरडी झाली की ते वर येतं.

कल्पना सोपी आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. आपण हवेतलं पाणी मोजतच नाही, आपण लोकरीतलं पाणी मोजतो. हवा आणि लोकर यांचं एकमेकांशी नातं ठरलेलं आहे, असं आपण मानून चालतो. त्यानंतरच्या शतकांमध्ये लोकांनी लोकरीच्या जागी दोरी, लाकूड, हस्तिदंत असं काय काय लावून पाहिलं. नातं तेच राहिलं.

या सगळ्यांत गाजला तो माणसाचा केस. जिनिव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा भूगर्भशास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक. त्याने १७८३ साली आर्द्रतामापनावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात केसावर चालणारं यंत्र मांडलं. केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचं तेल काढायचं. एक टोक पक्कं करायचं, दुसरं एका छोट्या चाकावर गुंडाळून त्याला बारीक वजन लावायचं. चाकाला काटा. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी साधारण दोन-अडीच टक्के वाढते. फरक एवढासाच, पण काटा तो मोठा करून दाखवतो. १७८७ साली सोस्यूर माँ ब्लाँच्या शिखरावर चढला, तेव्हा बॅरोमीटर आणि थर्मामीटरसोबत हे यंत्रही वर गेलं.

सोस्यूरचं खरं काम केस निवडण्यापुरतं नव्हतं. यंत्राला शून्य कुठे आणि शंभर कुठे, हे त्याने ठरवलं. काचेच्या घंटेखाली पाणी ठेवून, घंटेच्या भिंती ओल्या करून त्याने शंभर मिळवलं. तापवून सुकवलेला क्षार घंटेखाली ठेवून शून्य मिळवलं. मग वेगवेगळ्या केसांची यंत्रं शेजारी शेजारी ठेवून त्याने पाहिलं की ती एकमेकांशी जुळतात. जुळत होती. म्हणजे यंत्र विश्वासार्ह.

इथे झाँ-आंद्रे देल्यूक मध्ये आला. तोही मूळचा जिनिव्हाचाच, पुढे इंग्लंडमध्ये राणीच्या पदरी राहिलेला. त्याने आधी हस्तिदंताचं आणि नंतर व्हेलच्या तोंडातल्या बोनची बारीक पट्टी वापरून यंत्र केलं होतं. त्याचा आक्षेप असा होता, की खूप दमट हवेत केस जवळजवळ लांबायचाच थांबतो, म्हणजे नेमकं जिथे बघायचं तिथेच तो आंधळा होतो. सोस्यूरचं उत्तर साधारण असं, की बिघाड तुझ्या पट्टीत आहे. १७८८ साली त्याने केसाच्या आर्द्रतामापकाच्या बचावासाठी वेगळं पुस्तकच लिहिलं.

हे भांडण वाचताना मला पहिल्यांदा हसू आलं आणि नंतर अस्वस्थ वाटलं. सोस्यूरचे केस एकमेकांशी जुळत होते. देल्यूकच्या पट्ट्याही आपापसात बऱ्यापैकी जुळायच्या. पण केस आणि पट्टी यांचं जुळत नव्हतं. एकाच जातीची दहा यंत्रं एकच आकडा सांगतात, याचा अर्थ तो आकडा बरोबर आहे असा होत नाही. त्या दहाही यंत्रांचा स्वभाव एक आहे, एवढंच त्यातून कळतं.

पुढे गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केसाचा काटा आणि हवेतली प्रत्यक्ष वाफ यांचा मेळ घालून पाहिला. हवा निम्मी भरलेली असते, तेव्हा केसाचा काटा पन्नासवर नसतो, सुमारे ७२ वर असतो. यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते स्वतःच्या भाषेत बोलत होतं. भाषांतर करायला बाहेरचा साक्षीदार लागला.

*

माझ्या चेंबरमधला सेन्सर नखाएवढा आहे. त्यात केस नाही, पण आत काय चालतं ते पाहिलं तर निकोलसची लोकर आठवते. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो. वरच्या इलेक्ट्रोडमधून वाफ आरपार जाते. पॉलिमर हवेतलं पाणी पितो आणि सोडतो. पाण्याचा विद्युत गुणधर्म पॉलिमरपेक्षा कितीतरी पट वेगळा असल्यामुळे थोडं पाणी आत गेलं तरी त्या जोडीची विद्युतधारिता बदलते. चिप ती मोजते आणि टक्क्यांत सांगते.

इथवर यायला मध्ये एक मोठा टप्पा लागला. विसाव्या शतकात हवामानाच्या फुग्यांना बांधून यंत्रं आकाशात पाठवायला लागले. फुगा झपाट्याने वर जातो, गारठा वाढतो आणि केस फार सावकाश हलतो. १९३८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फ्रान्सिस डनमोर यांनी लिथियम क्लोराइडचा थर वापरून विजेवर चालणारा सेन्सर मांडला. ते मीठ ओलावा ओढतं आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. १९७३ साली फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने पॉलिमरच्या पातळ थराचा सेन्सर बाजारात आणला. आज शंभर-दोनशे रुपयांना मिळणारे सेन्सर त्याच घराण्यातले.

लोकर, केस, मीठ, पॉलिमर. प्रत्येक वेळी पाणी पिणारा पदार्थ बदलला. आकडा मात्र दर वेळी जास्त नीटस होत गेला. तराजूचं पारडं हलताना तरी दिसायचं. माझ्या स्क्रीनवर फक्त ८८.० येतं. दशांशचिन्हानंतरचा तो शून्य बघून कोणाचाही विश्वास बसेल. माझाही बसला.

*

अहवाल दिल्यानंतर दोन दिवसांनी मी लॅबमध्ये गेलो. ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. दुपारी त्या बाहेरच्या माठातून स्टीलचा तांब्या भरून आल्या आणि चेंबरमध्ये रॅकवर ठेवून म्हणाल्या, “भाऊ, जरा थांबा इथे.”

‘सर’चा ‘भाऊ’ झाला होता. राग होता त्यात, पण दारही उघडं होतं.

आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. तांब्या कोरडा. “आधीच्या बॅचला तांब्या आणला की लगेच घाम यायचा,” त्या म्हणाल्या. “मी पाणी प्यायला आत आणायचे ना, हात ओला व्हायचा. आता होत नाही. तुमच्या मशीनला विचारा, का नाही होत.”

मी तांब्यात थर्मामीटर बुडवला. २३ अंश. चेंबरची हवा २७ अंश. मग तिथेच उभा राहून मोबाइलवर हिशोब केला. २७ अंशांना हवा खरोखर ८८ टक्के दमट असेल, तर तिचा दवबिंदू पावणेपंचवीस अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार वस्तूवर दव जमायलाच हवं. २३ अंशांचा तांब्या कोरडा राहतो, म्हणजे आर्द्रता ऐंशीच्या खालीच आहे. सेन्सर काहीही सांगो.

१७५१ च्या सुमाराला फ्रान्समधल्या माँपेलिए गावी शार्ल ल रुआ नावाच्या वैद्याने हेच केलं होतं. पेल्यातलं पाणी बर्फाने हळूहळू गार करत न्यायचं आणि कितव्या अंशाला बाहेरून दव धरतं ते बघायचं. १८२० मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने ईथर वापरून त्याचं नेटकं यंत्र केलं. केस आणि पॉलिमर यांच्यापेक्षा ही पद्धत मुळातून वेगळी आहे. इथे मध्ये कोणी पाणी पिणारा नाही. दव धरलं की धरलं. आजही उत्तम प्रयोगशाळांमध्ये सेन्सर तपासायला गार होत जाणारा आरसा वापरतात. तत्त्व तांब्याचंच.

आणि माठ? बाहेर चाळीस अंश आणि माठातलं पाणी २३, हेसुद्धा आर्द्रतेचंच मोजमाप आहे. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी माठाच्या अंगातून वेगाने उडतं आणि तितका माठ गार होतो. पावसाळ्यात माठ गार होत नाही, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हेच तत्त्व घेऊन दोन थर्मामीटरचं यंत्र रूढ झालं. एक थर्मामीटर कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओलं फडकं. दोघांमधल्या फरकावरून आर्द्रता काढायची.

*

तांब्याने सांगितलं की सेन्सर चुकतोय. का चुकतोय हे अजून शोधायचं होतं.

चेंबरमध्ये एक नाही, तीन सेन्सर होते. मी कॉलेजात शिकलेला नियम लावला होता: तिघांत दोघं एकमेकांशी जुळत असतील तर तिसरा बिघडलेला समजून बाजूला काढा. गेले कित्येक दिवस दोन सेन्सर ८७-८८ सांगत होते आणि तिसरा ७१. माझा प्रोग्रॅम इमानेइतबारे ७१ वाल्याला गप्प बसवत होता.

जुळणारे दोघं फॉगरच्या बाजूला शेजारी शेजारी बसवले होते, कारण तिथे वायर पुरत होती. फॉगरमध्ये बोअरचं पाणी होतं. धुक्याच्या प्रत्येक थेंबात विरघळलेले क्षार असतात. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतो. दोन्ही सेन्सरच्या टोपीवर पांढरी पूड बसली होती. त्या पुडीवर धुकं पडलं की ती ओली व्हायची आणि लवकर सुकायची नाही. सेन्सर खोलीची हवा मोजतच नव्हता, स्वतःच्या ओल्या टोपीखालची हवा मोजत होता. तिथे दमट, म्हणून कंट्रोलर फॉगर बंद करायचा, आणि खोली कोरडी पडायची. कच्च्या आकड्यांत याची खूण होती, करवतीच्या दातांसारखी वरखाली जाणारी रेघ. ती बघायला वाईट दिसते म्हणून मी सरासरी काढून ती सपाट केली होती.

खात्री करायला मीठ वापरलं. हेही जुनंच ज्ञान आहे. बंद डब्यात मीठ आणि थोडं पाणी घेऊन ओला लगदा केला, की वरची हवा ठरावीक आर्द्रतेवर येऊन थांबते. साध्या मिठासाठी, म्हणजे सोडियम क्लोराइडसाठी, हा आकडा २५ अंशांना सुमारे ७५ टक्के आहे आणि तापमान थोडं बदललं तरी तो फारसा हलत नाही. तिन्ही सेन्सर रात्रभर डब्यात ठेवले. सकाळी एकाने ७६ सांगितलं, दुसऱ्याने ८६, तिसऱ्याने ८९. ७६ वाला म्हणजे ज्याला मी गप्प बसवलं होतं तो. डिस्टिल्ड वॉटरने टोप्या धुऊन, सुकवून पुन्हा लावल्यावर ८६ वाला ७७ वर आला. ८९ वाला आला नाही. क्षार आतल्या थरापर्यंत गेला असावा. तो बदलला.

चार ट्रे का गेले, तेही मग कळलं. २७ अंशांना ८८ टक्के आर्द्रता असेल तर पानातून पाणी ओढणारी हवेची तहान, म्हणजे बाष्पदाबातली तूट, साधारण ०.४३ किलोपास्कल असते. ७१ टक्क्यांना ती १.०३ होते. आलेखावर १७ टक्क्यांचा फरक दिसतो, पण मेण न धरलेल्या पानाला तहान दुपटीहून जास्त लागलेली असते.

*

सेन्सर कुठे ठेवायचा, हा प्रश्नही मला नवा वाटला होता. तो नवा नव्हता. माझ्या पुण्यातल्या खोलीपासून फार लांब नाही, अशा जागी तो प्रश्न कधीच विचारून झाला होता. हवामान खात्याने १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू केलं आणि ते एल. ए. रामदास यांच्याकडे आलं. वेधशाळेची यंत्रं माणसाच्या छातीच्या उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतात. पीक तिथे राहत नाही, ते जमिनीलगतच्या हवेत राहतं आणि ती हवा वेगळी असते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी त्याच वर्षी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं: शांत, निरभ्र रात्री सगळ्यांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, काही इंच वर असते. सुरुवातीला अनेकांना ते पटेना, कारण प्रस्थापित समजुतीत ते बसत नव्हतं. आज त्या थराला रामदास यांचंच नाव आहे.

१९४८ साली अण्णा मणी पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. यंत्रं परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर हवामान-यंत्रांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथेच बनू लागली. चुकीचं मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, असं त्या मानत. माझ्याकडे आलेख नसता तर दुसऱ्या दिवशीच मी ताईंचं ऐकलं असतं.

साधारण त्याच वेळी, १९४९ मध्ये, कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट यांनी झाडांसाठी पूर्ण नियंत्रित हवामानाची इमारत उभी केली. अणुभौतिकीतल्या सायक्लोट्रॉनच्या चालीवर तिला फायटोट्रॉन हे नाव पडलं. आत जाताना कपडे बदलावे लागत. झाडं गाड्यांवर ठेवून एका हवामानातून दुसऱ्या हवामानात नेली जात. माझं खानदेशातलं चेंबर हे त्याचं फार लांबचं, फार गरीब नातलग. पण आता मला एक गोष्ट दिसते: अशा प्रत्येक खोलीत झाडांची देखभाल करणारं, रोज आत-बाहेर करणारं कोणीतरी असतं. यंत्राच्या इतिहासात त्या माणसाचं नाव सहसा येत नाही.

*

दुरुस्ती फार मोठी नव्हती. फॉगरला आता आरओचं पाणी जातं. सेन्सर धुक्याच्या झोतातून काढून रोपांच्या उंचीवर, दिव्याच्या आडोशाला, छोट्या पंख्यासमोर बसवले. बहुमताचा नियम काढून टाकला. तिघांत फरक पडला, की प्रोग्रॅम कोणालाही बाजूला न काढता माणसाला बोलावतो. दर महिन्याला मिठाचा डबा. आलेखात सरासरीसोबत कच्ची रेघही दिसते, करवतीसारखी असली तरी.

दाराचंही कळलं. ताई दार वारंवार उघडत होत्या हे खरं होतं. हवा कोरडी वाटत होती म्हणून त्या हातपंपाने रोपांवर पाणी फवारायला आत जात होत्या. चार ट्रे गेले. बाकीचे त्यांनी वाचवले होते.

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात पहिल्या अहवालातलं ते वाक्य चूक असल्याचं स्पष्ट लिहिलं, ते कोणी लिहिलं होतं तेही, आणि दार का उघडत होतं तेही. मालकांनी वाचून ‘बरं’ म्हटलं. ताईंना मी छापलेली प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. काही बोलल्या नाहीत.

पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी त्यांचा मेसेज आला. शब्द नव्हते, फक्त फोटो. रॅकवर ठेवलेला स्टीलचा तांब्या, बाहेरून पूर्ण ओला, आणि त्यावर बोटाने ओढलेली एक रेघ.